स्लाइड फिल्म निवडताना: टिकणारी घ्यायची की डोळ्यात भरणारी?

स्लाइडवर, म्हणजे धुतल्यावर थेट खऱ्या रंगांचं पारदर्शक चित्र देणाऱ्या फिल्मवर, शूट करायला लागलं की दोन-चार रोलनंतर हा प्रश्न येतोच. फुजीच्या वेल्व्हिया फिल्मची स्लाइड लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून दिवा असलेल्या पांढऱ्या काचेवर, ठेवली की माणूस बघतच राहतो, आणि मग कोणीतरी सांगतं की अरे पण पन्नास वर्षांनी यातलं काय उरणार, आणि पुढचा रोल घेताना हात थांबतो. मी पण असाच अडकलो होतो, बरंच वाचलं, जुन्या स्लाइड्स काढून काढून बघितल्या, आणि आता माझं मत पक्कं झालंय. आज मिळणाऱ्या स्लाइड फिल्म्समध्ये टिकण्याच्या बाबतीत जो काही फरक असेल, त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक ती फिल्म कशी धुतली (डेव्हलप केली), कुठे ठेवली आणि तिच्यावर किती उजेड पाडला यानं पडतो. म्हणून फिल्म खुशाल रंग बघून निवडा आणि टिकवण्याचं काम वेगळं करा. फक्त कुठला फोटो कशासाठी काढताय हे आधी ठरवा, कारण एक-दोन ठिकाणी निवड चुकली तर नंतर काही करता येत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवा. स्लाइडचा रंग दोन वेगवेगळ्या कारणांनी उडतो. एक म्हणजे अंधारात, नुसती डब्यात पडून असताना, उष्णता आणि दमटपणामुळे. ही क्रिया हळूहळू चालूच असते, तुम्ही स्लाइड बघा नाहीतर बघू नका. दुसरं म्हणजे उजेडात, मुख्यतः प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर. आणि एका बाबतीत दणकट असलेली फिल्म दुसऱ्या बाबतीत एकदम नाजूक असू शकते. त्यामुळे अमुक फिल्म आर्कायव्हल, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी, आहे असं कोणी म्हणालं की लगेच विचारायचं, अंधारात की उजेडात?

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म कोडाक्रोम. १९३५ साली आली, लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडाउस्की या दोन संगीतकारांनी ती शोधून काढली. तिच्यात रंग तयार करणारे कपलर फिल्ममध्ये नसायचेच, ते धुताना डेव्हलपरमधून यायचे, आणि काम झालं की फिल्ममध्ये जवळपास फक्त रंग आणि जिलेटिन उरायचं. उरलेला कपलर नाही म्हणजे पुढे पिवळट डाग पडायला कारणच नाही. अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोममधला सगळ्यात कच्चा रंग पिवळा, आणि तो २० टक्के उडायला साधारण १८५ वर्षं लागतील असा अंदाज दिला जायचा. आता हीच फिल्म प्रोजेक्टरमध्ये घाला. हेन्री विल्हेल्म यांनी रंगीत फोटोंच्या टिकाऊपणाच्या ज्या चाचण्या केल्या त्यात प्रोजेक्टरच्या उजेडात कोडाक्रोम तासाभरातच फरक जाणवण्याइतकी उडायला लागली, कोडॅकच्याच दुसऱ्या फिल्मनं, एक्टाक्रोमनं, साधारण अडीच तास काढले आणि फुजीच्या त्या काळच्या फुजीक्रोमनं पाच तासांच्या वर. म्हणजे अंधारातली राणी उजेडात सगळ्यात आधी हरली. तासभर म्हणजे किती ते नीट बघा, एक स्लाइड पडद्यावर वीस सेकंद ठेवली तर १८० वेळा दाखवून तो तास संपला. आणि कोणी बोलत बसलं आणि तीच स्लाइड पाच मिनिटं पडद्यावर राहिली तर पंधरा वेळचं आयुष्य एका गप्पेत गेलं.

कोडाक्रोम आता निवडीत नाहीच. २००९ मध्ये बंद झाली, आणि तिची के-१४ प्रोसेस करणाऱ्या शेवटच्या लॅबनं, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या ड्वेन्स फोटोनं, २०१० च्या डिसेंबर अखेरीस रोल घेणं थांबवलं. कुठे जुना रोल हाती लागला तर तो ब्लॅक अँड व्हाइटमध्येच धुता येईल, रंगीत धुऊन देणारी लॅब उरलेली नाही, म्हणून रंगाच्या आशेनं त्यावर पैसे घालू नका. मी तिच्याबद्दल एवढं लिहिलं कारण टिकाऊपणाची सगळी चर्चा तिच्याशी तुलना करूनच होते आणि लोक तिचं अर्धंच वर्णन सांगतात.

माझ्याकडे घरातला स्लाइडचा एक जुना डबा आहे. त्यात एकाच सहलीच्या दोन स्लाइड्स शेजारी शेजारी होत्या, एक कोडाक्रोम आणि दुसरी ई-६ (आजची स्लाइड धुण्याची प्रोसेस) च्या आधीच्या जमान्यातली एक्टाक्रोम. दोन्ही त्याच डब्यात, त्याच कपाटात, तेवढीच वर्षं. लाइटबॉक्सवर ठेवल्या तर कोडाक्रोममधला निळा स्वेटर अजून निळा आणि मागची झाडं हिरवी, आणि दुसरीत आकाश, स्वेटर, झाडं, माणसं सगळंच विटकरी-गुलाबी. सायन (निळा-हिरवा) रंग जवळपास गेलेला होता, लाल तेवढा मागे राहिला होता. कोडाक्रोम ओळखायची खूण म्हणजे स्लाइड दिव्याखाली तिरकी धरून इमल्शनची (चित्राचा थर असलेली) बाजू बघा, चित्राच्या कडा उठावासारख्या दिसतात, आकाशाच्या कडेला बिल्डिंगची रेघ हलकीच उचललेली दिसते. ई-६ च्या स्लाइडवर हा उठाव एवढा दिसत नाही. जुना डबा वारशानं आला असेल तर ही खूण बघून आधी वेगवेगळे गठ्ठे करा आणि स्कॅनिंगला पहिला नंबर लाल पडलेल्या गठ्ठ्याचा लावा, कोडाक्रोम थांबू शकते. कोडाक्रोम स्कॅन करताना स्कॅनरचं इन्फ्रारेडवालं धूळ काढायचं सेटिंग मात्र बंद ठेवा, त्या फिल्मवर ते नीट चालत नाही, चित्राचेच बारीक भाग खाऊन टाकतं.

आता आजच्या फिल्मकडे. आज जी काही रंगीत स्लाइड फिल्म नवीन मिळते ती सगळी ई-६ प्रोसेसची, म्हणजे कपलर फिल्मच्या आतच असतात. ई-६ सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि त्यानंतर अंधारात टिकण्याच्या बाबतीत या फिल्म्स खूप सुधारल्या, माझ्या डब्यातल्या त्या गुलाबी स्लाइडवरून आजच्या फिल्मची परीक्षा करू नका. मुख्य नावं चारच: कोडॅकची एक्टाक्रोम ई१००, जी २०१८ मध्ये परत आली, आणि फुजीच्या प्रोव्हिया १००एफ, वेल्व्हिया ५० आणि वेल्व्हिया १००. यातली वेल्व्हिया १०० अमेरिकेत २०२१ पासून बंद आहे, तिच्यातल्या एका रसायनावर तिथल्या पर्यावरण खात्यानं बंदी आणली म्हणून. अ‍ॅस्टिया गेली, सेन्सिया गेली, प्रोव्हिया ४००एक्स गेली. अ‍ॅस्टियासाठी मला अजून वाईट वाटतं, माणसांच्या चेहऱ्याला तिच्याएवढी मऊ स्लाइड फिल्म दुसरी झाली नाही असं माझं मत आहे.

वेल्व्हिया ५० म्हणजे रंगांचा सण. हिरवा जास्त हिरवा, लाल जास्त लाल, सावल्या गडद, सगळं चित्र उचलून समोर येतं. १९९० मध्ये आल्यापासून निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांनी तिच्यावर जीव टाकला तो उगाच नाही. पण माणसांचे चेहरे तिच्यावर लालबुंद येतात आणि सावलीत काही म्हणून दिसत नाही. बरेच लोक तिला ५० आयएसओ ऐवजी ४० धरून मीटर करतात, म्हणजे जरा जास्त उजेड देतात, मी पण तसंच करतो, सावल्या जरा श्वास घेतात. संध्याकाळी उशिरा, लांब एक्स्पोजर देताना ती अवघड होते. एक सेकंदापर्यंत ठीक, चार सेकंदांना तिसरा हिस्सा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा आणि हिरवेपणा मारायला हलका मॅजेंटा (जांभळट गुलाबी) फिल्टर लावा, आणि मिनिटभराचं एक्स्पोजर तर फुजी स्वतःच देऊ नका म्हणते. प्रोव्हिया १००एफ इथे कमाल आहे, १२८ सेकंदांपर्यंत काहीच दुरुस्ती लागत नाही. रात्रीचे, चांदण्यातले फोटो असतील तर डोळे मिटून प्रोव्हिया घ्या. तिचे रंग खरे असतात, ग्रेन एकदम बारीक, फक्त ढगाळ दिवशी आणि सावलीत जरा निळसर पडते, तेव्हा ८१ए सारखा हलका वॉर्म फिल्टर जवळ ठेवा. एक्टाक्रोम ई१०० पण तशीच सभ्य, पांढरा स्वच्छ पांढरा आणि राखाडी खरंच राखाडी, चेहरे छान येतात.

इथे पहिली खरी निवड येते, आणि ती बहुतेक लोक टिकाऊपणाशी जोडतच नाहीत. स्लाइड फिल्मला मुळात गडद ते उजळ असा साधारण पाचेक स्टॉपचाच पल्ला, त्यात वेल्व्हिया अजून कडक. पन्नास वर्षांनी त्या स्लाइडवरून कोणी रंग परत जुळवायला बसलं तर जे फिल्मवर नोंदलंच गेलं नाही ते कुठून आणणार? प्रोव्हिया किंवा ई१०० चा रंग थोडा उडाला तरी सावलीत माहिती असते, राखाडी कुठे असायला हवा ते कळतं, स्कॅन करून बऱ्यापैकी मूळ रंगापर्यंत जाता येतं. वेल्व्हियामध्ये सावली काळी म्हणजे काळी, आणि मुळात रंग वाढवून आलेले असल्यामुळे खरा रंग काय होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून माझा नियम असा की जे पुरावा म्हणून, आठवण म्हणून, नोंद म्हणून ठेवायचंय, म्हणजे घरची माणसं, जुनी वास्तू, चित्रं, हस्तलिखितं, झाडाझुडपांचे नमुने, ते प्रोव्हिया नाहीतर ई१०० वर. चित्र म्हणून भिंतीवर लावायचंय किंवा लाइटबॉक्सवर बघून खूश व्हायचंय ते वेल्व्हियावर, आणि त्याबद्दल मनात अजिबात किंतु ठेवू नका, कारण सुंदर दिसलेली स्लाइडच लोक जपून ठेवतात हे पण मी पाहिलंय. आणि एकच जागा दोन्हीसाठी हवी असेल तर दोन कॅमेरा बॉडी न्या, दोन रोल टाका.

दुसरी निवड फिल्मच्या बेसची. रंगाबद्दल सगळे बोलतात पण रंग ज्यावर बसलाय त्या प्लास्टिकबद्दल कोणी बोलत नाही. ३५ एमएमची स्लाइड बहुतेक सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेटवर असते, आणि अ‍ॅसिटेटला स्वतःचा रोग आहे, त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं, व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, फिल्म आकसते, वाकडी होते. रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या हिशोबानं २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या अ‍ॅसिटेट फिल्मला हा वास सुरू व्हायला साधारण ४० वर्षं लागतात, खोली त्याहून गरम आणि दमट असेल तर त्याच्या खूप आधी. म्हणजे कोडाक्रोमचा पिवळा १८५ वर्षं काढेल हे खरं असलं तरी खालचा बेस तेवढा थांबेलच असं नाही. ४×५ सारख्या शीट फिल्मचा बेस सहसा पॉलिएस्टरचा असतो आणि त्याला हा त्रास नाही, त्यामुळे वास्तूंची किंवा चित्रांची फार महत्त्वाची नोंद करायची असेल आणि शीटचा कॅमेरा हाताशी असेल तर तिकडे जा. डबा उघडल्यावर आंबट वास आला तर त्या स्लाइड्स ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळ्या करा, ती वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते.

आता धुणं. सगळ्यात चांगली फिल्म सगळ्यात वाईट धुण्यानं बरबाद होते. ई-६ चा पहिला डेव्हलपर ३८ अंशांवर सहा मिनिटं असतो आणि तिथे अर्ध्या अंशाचा फरकही स्लाइडवर दिसतो. पण तो लगेच दिसतो, म्हणून मला त्याची एवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती आज न दिसणाऱ्या चुकीची. पूर्ण प्रोसेसमध्ये ब्लीचच्या आधी प्री-ब्लीच नावाचा एक बाथ असतो, आणि मॅजेंटा रंगद्रव्याला पक्कं करणारं रसायन त्यात असतं. हा बाथ गाळला, किंवा घरगुती तीन बाथच्या किटमध्ये शेवटचा स्टॅबिलायझर घालायचा कंटाळा केला, तर स्लाइड त्या दिवशी झकास दिसते आणि पुढे मॅजेंटा लवकर उडायला लागतो. तसंच शेवटचं पाणी, फिक्सर फिल्ममध्ये राहिला तर तो वर्षानुवर्षं आतून खात राहतो. माझा एक रोल एका लॅबमधून आला होता, स्लाइड्सवर दिव्याखाली तिरकं बघितलं तर पुसट पांढुरका थर दिसायचा, मी घरी डिस्टिल्ड पाण्यात परत धुऊन वाळवल्या आणि तो गेला, पण तोपर्यंत मला झोप लागली नव्हती. लॅबला सरळ विचारा की पूर्ण सहा केमिकल बाथची ई-६ चालवता की तीन बाथची, आणि रोज रोल येतात का. रोज चालणाऱ्या लॅबची रसायनं ताजी राहतात. जपून ठेवायच्या फोटोंसाठी मी तरी पूर्ण प्रोसेस करणाऱ्या लॅबकडेच जातो, थांबावं लागलं तरी, फक्त शूट केलेला रोल तोपर्यंत थंड ठेवतो आणि महिनोन् महिने तसाच ठेवत नाही.

ठेवण्याबद्दल पुस्तकी उत्तर असं की रंगीत फिल्म दीर्घकाळ ठेवायची तर २ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड आणि आर्द्रता साधारण २० ते ३० टक्के. घरी हे म्हणजे फ्रीझर. घाबरायचं कारण नाही, पण शिस्त हवी. स्लाइड्स आधी काही दिवस कोरड्या हवेत ठेवायच्या, मग झिपची जाड पिशवी, तिच्यातली हवा काढायची, ती अजून एका पिशवीत, आणि बाहेर काढल्यावर पिशवी अजिबात उघडायची नाही, आतलं सगळं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे रात्रभर, तशीच ठेवायची. घाई केली तर थंड इमल्शनवर दव बसतं आणि जिलेटिन चिकट होतं. हे सगळं जमणार नसेल तर घरातली सगळ्यात थंड आणि कोरडी जागा बघा, माळा नको, बाहेरची भिंत नको, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून तिचा रंग बदलला की ती बदला. दमट हवेत रंग उडायच्या कितीतरी आधी बुरशी येते आणि बुरशी जिलेटिन खाते, ते कुठल्याच स्कॅनरनं परत येत नाही. स्लाइड्स ठेवायची पारदर्शक पानं घ्यायची तर पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन किंवा पॉलिएस्टरची. नवीन असताना तीव्र प्लास्टिकचा वास येणारी मऊ पीव्हीसीची पानं फिल्मला चिकटतात आणि खराब करतात. काचेचे माउंट मी फक्त प्रोजेक्शनपुरते वापरतो, आत ओल अडकली तर बुरशीला घरच मिळतं.

प्रोजेक्टर मला फार आवडतो, आणि स्लाइड ही पडद्यावरच बघायची गोष्ट आहे असं मी अजून म्हणतो. म्हणून दाखवूच नका असं सांगणार नाही. यासाठी जुने लोक करायचे तेच करा, महत्त्वाच्या जागी तीच फ्रेम दोनदा किंवा तीनदा काढा. फिल्मवरून फिल्मवर कॉपी केली की कॉन्ट्रास्ट वाढतो आणि बारकावा जातो, आणि कॉपी करायच्या खास फिल्म्सही आता बनत नाहीत, पण कॅमेऱ्यातच काढलेली दुसरी फ्रेम ही अस्सल ओरिजिनलच असते. एक प्रोजेक्टरसाठी, एक अंधारात. जिची एकच फ्रेम आहे ती चांगली स्कॅन करा आणि स्कॅन दाखवा. लाइटबॉक्सवर पण बघून झालं की दिवा बंद करा, स्लाइड्स तिथेच पेटत्या ठेवून जेवायला जाऊ नका.

एखादा फोटो शंभर-दीडशे वर्षं रंगासकट राहायलाच हवा असेल तर स्लाइडच्या भरवशावर राहू नका, सेपरेशन करा. स्लाइडचे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून, म्हणजे रॅटन मालिकेच्या २५, ५८ आणि ४७बी फिल्टरमधून, तीन ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह काढायचे. त्यात रंग नसतोच, चांदी असते, आणि नीट धुतलेली चांदी पॉलिएस्टर बेसवर रंगापेक्षा कितीतरी जास्त टिकते. तिन्ही परत एकत्र केले की रंग परत. काम कटकटीचं आहे, तिन्ही निगेटिव्ह एकावर एक बसवायच्या खुणा जुळल्या पाहिजेत, सोबत राखाडी पट्टी घ्यावी लागते, म्हणून दोन-चार खरंच मोलाच्या स्लाइड्ससाठीच.

माउंटवर लिहायला विसरू नका. फिल्मच्या कडेला आरव्हीपी५० म्हणजे वेल्व्हिया ५०, आरडीपी-तीन म्हणजे प्रोव्हिया १००एफ असं छापलेलं असतं, पण स्लाइड माउंटमध्ये बसवली की ती कड झाकली जाते आणि वीस वर्षांनी कुठली फिल्म होती हे कोणालाच कळत नाही. फिल्मचं नाव, धुतल्याची तारीख, लॅब पूर्ण प्रोसेसची की तीन बाथची, एवढं पेन्सिलनं माउंटवर लिहा.

आणि प्रत्येक रोलच्या सुरुवातीला, उन्हात, एका राखाडी कार्डाच्या दोन फ्रेम काढा. दोन फ्रेम गेल्या म्हणून हळहळू नका. एक बाकीच्या स्लाइड्सबरोबर त्याच डब्यात ठेवायची, दुसरी दोन पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये. दर पाच वर्षांनी दोन्ही काढून एकाच लाइटबॉक्सवर शेजारी ठेवून बघा. डब्यातली हिरवट दिसली तर मॅजेंटा चाललाय, लालसर दिसली तर सायन, निळसर दिसली तर पिवळा, आणि मग त्या रोलच्या सगळ्या स्लाइड्स त्याच आठवड्यात स्कॅनला काढायच्या आणि डबा ठेवायची जागा बदलायची.